औद्योगिक डिझाइनचा प्राध्यापक व्हायचं तर: वाट, काम आणि छंद

रानवारा
भाची मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, इथेच नाशिकला. पुढे औद्योगिक डिझाइन शिकून त्याच विषयाची प्राध्यापक व्हायचं म्हणते. घरच्यांचा विरोध नाही, पण हे काम नेमकं काय असतं ते कोणालाच नीट सांगता येत नाही. एक म्हणतो चित्रकलेचे सर, दुसरा म्हणतो मशीन डिझाइनचे सर.

जाणकारांना तीन गोष्टी विचारायच्या आहेत. वाट कोणती, म्हणजे परीक्षा कुठली, पदवी कुठली, पीएचडी लागतेच का? वर्गात शिकवतात ते काय? आणि तिसरी जरा वेगळी. या प्राध्यापकांबद्दल वाचलं की कोणी बांबूत रमलेलं दिसतं, कोणी अक्षरांत, कोणी खेळण्यांत. हे नोकरीबाहेरचे छंद असतात की त्यावरच करिअर उभं राहतं? विचारायचं कारण, तिला तांब्यापितळेच्या भांड्यांचं वेड आहे. भांडी बाजारात तासन्‌तास उभी असते आणि तिच्या आईला वाटतं हा वेळ वाया चाललाय.

तपोवन
वाट आधी सांगतो, ती सरळ आहे. मेकॅनिकलची पदवी झाली की एम.डेस., म्हणजे डिझाइनची पदव्युत्तर पदवी, आयआयटींत दोन वर्षं. आयआयटींसाठी सीड ही परीक्षा, ती आयआयटी मुंबई घेते, जानेवारीत असते. भाग अ संगणकावर, भाग ब कागद-पेन्सिलीवर. त्यानंतर प्रत्येक संस्थेची आपापली निवड असते, पोर्टफोलिओ (आपल्या कामांचा संग्रह) आणि मुलाखत त्यातच येते. अहमदाबादच्या एनआयडीची, म्हणजे राष्ट्रीय डिझाइन संस्थेची, प्रवेश परीक्षा वेगळी, तिचं नाव डॅट. बारावीनंतर थेट बी.डेस. ही डिझाइनची पदवी करायची असेल तर यूसीड ही परीक्षा, पण भाचीसाठी ती वेळ गेली.

सिडको_सेक्टर
सीडला डिप्लोमावालेही बसू शकतात ना? मग पदवी पूर्ण व्हायची वाट कशाला बघायची?

तपोवन
इथे गल्लत होते बरेचदा. अट बारावीनंतर किमान तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाची आहे. दहावीनंतरचा पॉलिटेक्निक डिप्लोमा त्यात बसत नाही. भाची पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे, म्हणजे ती याच वर्षी बसू शकते. सीडचे गुण एकाच वर्षाच्या प्रवेशाला चालतात, हेही लक्षात ठेवा.

शब्दगोदा
तिसऱ्या प्रश्नावर लिहिते, कारण मला तोच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

आयआयटी मुंबईचं आयडीसी, म्हणजे औद्योगिक डिझाइन केंद्र, १९६९ साली सुरू झालं. ते उभं करणारे सुधाकर नाडकर्णी जर्मनीतल्या उल्मच्या डिझाइन शाळेत शिकलेले. ती शाळा १९५३ ते १९६८ एवढीच चालली, पण वस्तूचा विचार शास्त्राच्या शिस्तीने करायची तिची पद्धत इथे येऊन रुजली. पुढे गुवाहाटीच्या आयआयटीतला डिझाइन विभागही नाडकर्णींनीच घडवला. पायाच असा आहे, म्हणून हे चित्रकलेचे सरही नव्हेत आणि मशीन डिझाइनचेही नव्हेत.

आता र. कृ. जोशी बघा. जाहिरात क्षेत्रातून आलेला माणूस, अक्षरांचं वेड, सुलेखन, कविता. ते आयडीसीत प्राध्यापक झाले आणि त्या वेडातूनच देवनागरीचा 'मंगल' फॉन्ट आला. विंडोज २००० पासून कित्येक वर्षं मराठी माणसाने संगणकावर जे टाइप केलं त्यातलं बरंचसं याच अक्षरांत दिसलं. जोडाक्षर कुठे मोडायचं, वेलांटी कुठवर खेचायची, रफार कुठे बसवायचा हे कोडच्या नियमांत लिहायला आधी हाताने हजारो अक्षरं काढलेला माणूस लागतो. याला छंद म्हणा नाहीतर संशोधन.

रुपयाच्या चिन्हाचंही तसंच. २०१० साली ते निवडलं गेलं तेव्हा उदय कुमार आयडीसीत पीएचडी करत होते, विषय तमिळ अक्षररचनेचा. नंतर ते गुवाहाटीला शिकवायला गेले. बांबूसाठी एनआयडीचे एम. पी. रंजन आणि आयडीसीचे ए. जी. राव, लोकखेळण्यांसाठी एनआयडीचे सुदर्शन खन्ना. प्रत्येकाने एकच साहित्य किंवा एकच वस्तुप्रकार धरला आणि वर्षानुवर्षं सोडला नाही. भांडी बाजारात उभं राहणं वाया जात नाही, फक्त तिथे वही, व्हर्नियर (बारीक मापं घ्यायचं उपकरण) आणि वजनकाटा घेऊन उभं राहायला हवं.

सातपूर_टूलरूम
हे सगळं ऐकायला छान आहे. पण कॉलेजातून येणारी डिझाइनची ड्रॉइंगं टूलरूममध्ये, म्हणजे साचे बनवतात तिथे, उघडली की पहिला तास नुसता दुरुस्तीत जातो. प्राध्यापक व्हायचं असेल तर आधी एवढं पक्कं करा:

साच्यातून काढायच्या प्लास्टिकच्या वस्तूची भिंत सगळीकडे सारख्या जाडीची हवी, साधारण २ ते ३ मिमी. एका जागी ५ आणि शेजारी २ केली की जाड भाग उशिरा थंड होतो, आत आकसतो आणि वरून खड्डा पडतो. तोच सिंक मार्क. रिब म्हणजे भिंतीला बळकटी देणारी पट्टी, तिची जाडी भिंतीच्या निम्म्याच्या आसपास ठेवा. भिंतीइतकीच जाड रिब काढली की दर्शनी बाजूला तिची सावली उमटणारच. साच्यातून माल सुटायला किमान १ अंश उतार, आणि पृष्ठभागाला टेक्स्चर असेल तर त्याच्या दर ०.०२५ मिमी खोलीमागे साधारण आणखी १ अंश. हे विसरलं की माल काढताना टेक्स्चर ओरखडतं. आणि अंडरकट! कड आत वळली की साच्यात साइड कोर आला, म्हणजे सरकता भाग, त्याची पिन, त्याची झीज, त्याचा खर्च. रेंडरिंगमध्ये ती कड फार सुंदर दिसते, मान्य आहे. पण साच्याला सांगा ती कशी सुटणार.

स्टुडिओ_तीन
टूलरूम, एक शब्दही खोडायचा नाही. चांगल्या स्टुडिओत हेच शिकवतात, फक्त क्रम उलटा असतो. आधी हात आणि वस्तू, मग साचा. रानवारा यांचा दुसरा प्रश्न यातच येतो, तेव्हा एक स्टुडिओ प्रकल्प सविस्तर मांडतो. विषय नाशिकचाच घेऊ: टोमॅटोचं क्रेट. पिंपळगावला बाजार या २० किलोच्या क्रेटवरच चालतो.

पहिला टप्पा आकड्यांचा. वजन उचलण्याचं एक सूत्र अमेरिकेच्या नायॉश या कामगारांच्या सुरक्षेवर काम करणाऱ्या संस्थेने दिलंय. आदर्श स्थितीत मर्यादा २३ किलो. आदर्श म्हणजे हात घोट्यांच्या पुढे २५ सेमीवर आणि जमिनीपासून ७५ सेमी उंच. आता क्रेट ६०० बाय ४०० मिमीचं, हँडल दोन्ही आखूड बाजूंना. क्रेट अंगासमोर धरलं की हातांचं अंतर २० सेमी अधिक रुंदीचा अर्धा भाग, म्हणजे ४० सेमी. २५ भागिले ४० म्हणजे ०.६२५. २३ ला त्याने गुणलं की मर्यादा झाली १४.४ किलो. हँडल जमिनीपासून २५ सेमीवर असेल तर उंचीचा गुणक ०.८५, मर्यादा १२.२ किलोवर आली. उचलण्याची वारंवारता आणि अंग वळवणं यांचे गुणक तर अजून धरलेलेच नाहीत. २० किलो तिथेच फार पुढे गेलं. विद्यार्थ्याने हे गणित स्वतः केलं की 'हँडल आकर्षक करूया' हे वाक्य आपोआप बंद होतं.

दुसरा टप्पा मापांचा. परदेशी तक्ते वापरायचे नाहीत. देबकुमार चक्रवर्ती यांचं भारतीय शरीरमापांचं पुस्तक एनआयडीने १९९७ साली काढलंय, ते घ्यायचं. हात आत जायला हवा म्हणून फटीची रुंदी ठरवताना मोठ्या हाताचं माप, ९५ वा शतमक, म्हणजे शंभरातल्या ९५ जणांचा हात ज्याहून लहान असतो ते. बोटं पकडीभोवती पोचायला हवीत म्हणून पकडीचा घेर ठरवताना लहान हाताचं माप, ५ वा शतमक. इथे विद्यार्थी हमखास चुकतात: सगळीकडे सरासरी वापरतात, आणि सरासरी फट निम्म्या लोकांना अपुरी पडते. क्रेटसाठी फट ११० ते १२० मिमी रुंद आणि बोटांना ३५ ते ४० मिमी उंची, हा चांगला आरंभ.

तिसरा टप्पा मॉडेलचा, खरं शिक्षण इथे होतं. हँडलच्या भागाचं एकास एक मॉडेल पीयू (पॉलियुरेथेन) फोममध्ये करायचं. समोरची आणि बाजूची अशा दोन्ही रेषाकृती एकास एक मापात छापून प्रत्येक रेषाकृती ठोकळ्याच्या समोरासमोरच्या दोन बाजूंवर चिकटवायची. एकाच बाजूला चिकटवली की करवतीचं पान मागे तिरकं उतरतं आणि मॉडेल पिळलेलं निघतं. हॅकसॉच्या पानाने कापून रंध्याने आकार, मग लाकडी ठोकळ्याला गुंडाळलेला पॉलिश पेपर, १२०, २२०, शेवटी ४००. पेपर हाताने दाबून घासला तर सपाट भाग खोलगट होतो, म्हणून ठोकळा हवाच. मास्क लावायचा, ही धूळ फुप्फुसाला वाईट. फेविकॉलमध्ये खडूची पूड कालवून दोन हात दिले की छिद्रं भरतात, मग प्रायमर.

पीयूऐवजी थर्माकोल घेतला तर गाडीची पॉलिएस्टर पुट्टी आणि स्प्रे रंग दोन्ही त्याला खातात. जमा करायच्या आदल्या रात्री हे कळलं तर मॉडेल गेलंच समजा.

चौथा टप्पा बहुतेक ठिकाणी गाळतात: मॉडेल वजनासह तपासणं. फोम हातात हलका आणि मऊ लागतो, प्रत्येक हँडल त्यात बरं वाटतं. म्हणून तो आकार लाकडात पुन्हा करून खऱ्या क्रेटला बोल्टने बसवायचा, आत वाळूच्या पिशव्या टाकून २० किलो भरायचे आणि मालवाहू गाडीच्या फाळक्याच्या उंचीपर्यंत चढवायचं. धारदार कड असेल तर बोटांच्या पेरांवर लाल रेघ उमटते. कडेला ५ मिमीची गोलाई दिली की ती रेघ फिकी होते.

आणि मग टूलरूम म्हणतात तो प्रश्न येतो, की ही गोलाई साच्यातून सुटणार कशी.

पेठरोड
थोडक्यात भाचीला आधी पिंपळगावला क्रेट उचलायला पाठवायचं.

स्टुडिओ_तीन
उचलणाऱ्यांच्या शेजारी वही घेऊन उभं राहायला, हो! आणि एकदा स्वतः उचलायलाही.

सातपूर_टूलरूम
५ मिमी गोलाई सुटते. पकडीची पट्टी भरीव न करता पोकळ, एका बाजूने उघडी ठेवा. भिंत २.५ मिमीच राहते, सिंक मार्कही नाही. हँडलच्या फटीसाठी क्रेटच्या साच्याला बाजूचे सरकते भाग असतातच, त्यातच हे बसवायचं. फक्त उघड्या बाजूच्या कडा बोटाला लागणार नाहीत अशा घ्या. स्टुडिओत असं शिकवत असतील तर माझी तक्रार मागे.

तपोवन
क्रेटचं माप मात्र बदलायला लावू नका. १२०० बाय १००० च्या पॅलेटवर ६०० बाय ४०० ची पाच क्रेट एका थरात नेमकी बसतात. हातासाठी रुंदी ४०० ची ३५० केली की पॅलेट, गाडी, शीतगृह सगळं हिशेबाबाहेर जातं. त्यापेक्षा वजन कमी भरणं किंवा चढवायची उंची कमी करणं सोपं.

बुरूडवेळू
बांबूचा उल्लेख झालाच आहे तर, पेठ, सुरगाणा, त्र्यंबक हा पट्टा नाशिकच्या उशाशी आहे. इथे मानवेल भरीव आणि काटक, कटांग जाड पण काटेरी. डिझाइनवाले येतात, सुंदर खुर्ची करतात आणि वर्षाच्या आत तिच्याखाली पिठासारखी पूड पडायला लागते. तो भुंगा. बांबूतल्या पिठूळ अंशावर जगतो.

उपाय माहितीतला आहे: तीन-चार वर्षांचा पक्का बांबू घ्या, कोवळा नको. पावसाळा सरल्यावर तोडा. बोरिक अ‍ॅसिड २ किलो, बोरॅक्स ३ किलो, पाणी ९५ लिटर, म्हणजे साधारण पाच टक्क्यांचं द्रावण. अख्खा बांबू असेल तर आतले पेरांचे पडदे लांब सळईने भोसकून घ्या, नाहीतर द्रावण आत जातच नाही, नुसती साल भिजते. आठवडाभर बुडवून ठेवा, मग सावलीत उभा करून वाळवा. उन्हात वाळवला की तडकतो. हे मीठ पाण्यात विरघळतं, म्हणून पावसात राहणाऱ्या वस्तूला ते पुरत नाही. आणि बांबूला खिळा मारू नका, भोक पाडून लाकडी खुंटी किंवा बोल्ट. खिळ्याने तंतू चिरत जातात.

राव आणि रंजन यांचं मोठेपण मला यात दिसतं की त्यांनी अशा गोष्टी कारागिरांकडून शिकून लिहून ठेवल्या, चित्रं काढली, आणि मग नवं सुचवलं. आधी नवं सुचवणारे पुष्कळ आहेत.

शब्दगोदा
बुरूडवेळू, या शेवटच्या दोन ओळी मुद्द्याच्या आहेत. आता तांब्याकडे येते.

१९५८ साली चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकी डिझाइनर दांपत्याने भारत सरकारला जो अहवाल दिला, ज्यातून पुढे १९६१ मध्ये एनआयडी उभी राहिली, त्यात आदर्श वस्तू म्हणून निवडला होता तो आपला लोटा. तो हातात कसा बसतो, डोक्यावर वा कमरेवर कसा नेतात, भरलेला आणि रिकामा असताना तोल कसा राहतो, ओतताना आणि घासताना कसा वागतो, अशा प्रश्नांची रांगच आहे त्यात. भाचीला हेच प्रश्न घेऊन एक तांब्या मोजू द्या.

आधी घडण ओळखायची. आत बारीक समकेंद्री रेघा असतील तर लेथवर स्पिनिंग केलेला, म्हणजे फिरत्या साच्यावर पत्रा दाबून घडवलेला. पोटावर आडवा सांधा असेल तर दोन भाग जोडलेले. सांधा नाही आणि बाहेरून हातोड्याचे ठसे सुसंगत ओळीत असतील तर मठारकाम. हे ठसे नुसते शोभेचे नसतात, ठोकल्याने तांबं कडक होतं आणि पातळ पत्र्यालाही ताठरपणा येतो. फार ठोकलं की चिरतं, म्हणून मधूनमधून मंद लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाकतात, की पुन्हा मऊ. पितळ मात्र तसं तापलेलं पाण्यात टाकलं तर तडा जायची भीती.

मग मापं. तोंडाचा बाहेरचा व्यास, गळ्याचा, पोटाचा, बुडाचा, उंची, रिकामं वजन. आकारमान पाण्याने: काठोकाठ भरून वजन करा, जास्तीचे ग्रॅम तितके मिली. बाह्यरेषेसाठी पुठ्ठा तांब्याला लावून कापत-कापत पूर्ण चिकटेपर्यंत आणायचा. पोटाची जाडी व्हर्नियरने मिळत नाही, जबडा तोंडातून तिथवर पोचत नाही. अल्ट्रासोनिक जाडीमापक लागतो, तो कॉलेजच्या प्रयोगशाळेत सापडेल. शेवटी पाव, अर्धा आणि पूर्ण भरून, कलवून, पहिला थेंब कुठल्या कोनाला पडतो ते कोनमापकाने. आणि धार काठावरून सुटते की ओघळून गळ्यावरून पोटाकडे येते तेही. काठ बाहेर वळलेला आणि कड पातळ असेल तर धार स्वच्छ सुटते, कड जाड-गोल असली की पाणी तिला चिकटून मागे येतं.

असे दहा तांबे मोजले की त्यातून एक तक्ता तयार होतो. पोर्टफोलिओत तो दाखवणारी मुलगी मुलाखतीत वेगळी दिसेल.

मखमलाबाद
आणि कल्हई? आतून कल्हई आहे की नाही त्यावर वापर ठरतो. आंबट पदार्थ कल्हई नसलेल्या तांब्याच्या भांड्यात ठेवायचा नाही. कथील २३२ अंशाला वितळतं, म्हणून कल्हईचं भांडं रिकामं गॅसवर राहिलं की कल्हई वाहून एका जागी जमते. नवसागर कमी पडला तर कथील नीट धरत नाही, ठिपके राहतात. भाचीने ही नोंदही घ्यावी.

कायदा_आणि_कागद
एक कोरडा पण गरजेचा मुद्दा. विद्यार्थी आणि प्राध्यापक दोघेही इथे नुकसान करून घेतात. वस्तूच्या दर्शनी रूपाला डिझाइन कायदा, २००० खाली नोंदणी मिळते, आधी १० वर्षं, मग ५ वर्षं वाढ. अट अशी की अर्जाआधी ते रूप कुठेही प्रसिद्ध झालेलं नसावं. वार्षिक प्रदर्शनात मांडलं, फोटो टाकले, की नावीन्य संपलं. प्रदर्शनात मांडायचंच असेल तर कलम २१ प्रमाणे डिझाइन नियंत्रकांना आधी सूचना द्यायची आणि सहा महिन्यांत अर्ज करायचा, पण ही सवलत केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनांनाच आहे. केवळ कार्यामुळे ठरलेला आकार यात येत नाही. टूलरूम यांची पोकळ पट्टी ताठर कशी होते ते इथे नोंदवता येणार नाही, क्रेटचं रूप येईल. संस्थेत शिकताना केलेल्या कामाची मालकी कोणाची, ते प्रवेशाच्या कागदांत लिहिलेलं असतं. सहीआधी वाचावं.

सिडको_सेक्टर
पीएचडीचं राहूनच गेलं. आणि पगार?

तपोवन
आयआयटीत आता पीएचडीशिवाय उभंच करत नाहीत. सहायक प्राध्यापक श्रेणी १ चं मूळ वेतन १,०१,५०० पासून, प्राध्यापकाचं १,५९,१०० पासून. सातव्या वेतन आयोगाप्रमाणे विद्यापीठांत सहायक प्राध्यापक ५७,७०० पासून. खासगी डिझाइन महाविद्यालयांत एम.डेस. आणि कारखान्याचा वा स्टुडिओचा अनुभव चालतो, पगार ज्याच्या त्याच्या कराराप्रमाणे.

माझं मत: एम.डेस.नंतर लगेच पीएचडी नको. तीन-चार वर्षं उत्पादनात काढावीत.

शब्दगोदा
इथे मी असहमत. अक्षररचना किंवा कारागिरीचा अभ्यास करणाऱ्याला कारखान्यातली वर्षं फारशी देत नाहीत. तिचा विषय तांबं असेल तर तीच वर्षं तांबटांच्या कामाच्या जागी जावीत. उत्पादनाच्या वस्तू शिकवायच्या असतील तर तपोवन बरोबर.

सातपूर_टूलरूम
साचा उघडताना एकदा तरी पाहिलेला असावा, विषय काहीही असो.

रानवारा
सगळ्यांचे मनापासून आभार. भाचीच्या आईला हा धागा वाचून दाखवला, भांडी बाजाराची परवानगी मिळाली आहे. पोर्टफोलिओत किती पानं आणि काय असावं, एवढं सांगा.

स्टुडिओ_तीन
१२ ते १५ पानं पुरेत, तीन किंवा चार कामं. प्रत्येक कामात आधी प्रश्न एका ओळीत, मग निरीक्षणाचे फोटो आणि मोजमापं, मग हाताची रेखाटनं, मग मॉडेल. फसलेलं मॉडेलही ठेवावं, ते का फसलं ते शेजारी लिहून. संगणकावरची चकचकीत चित्रं कमी. फोटोत वस्तूशेजारी पट्टी ठेवावी, नाहीतर आकार कळत नाही. तांब्यांचा तक्ता पहिल्या कामात, क्रेट दुसऱ्या, आणि मेकॅनिकलचा शेवटच्या वर्षाचा प्रकल्प तिसऱ्या, त्यात तिने स्वतः केलेला भाग वेगळ्या रंगात. सीडच्या भाग ब साठी रोज एक घरातली वस्तू तीन बाजूंनी, पेन्सिलीने, पट्टीशिवाय काढावी. सीडचा अर्ज साधारण ऑक्टोबरात निघतो.

मखमलाबाद
तांबे मोजायला जाताना सकाळी लवकर जा, दुपारी गिऱ्हाईक असतं. दुकानदाराला आधी विचारा, पाणी भरायचं असेल तर टॉवेल बरोबर न्या. माझ्याकडे घरी जुने तीन आहेत, एक सांध्याचा. हवे असतील तर व्यक्तिगत निरोप करा.